तीनचा आकडा डाव्या हाताला

मंगळवार, १२ मार्च २०१९. सकाळी साडेदहाच्या सुमारास, शहरातल्या सरकारी स्मृतितपासणी केंद्राच्या दुसऱ्या खोलीत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंनी कोऱ्या कागदावर घड्याळ काढले. तो कागद दप्तरात सुरक्षित आहे. वर्तुळ एका दमात काढलेले असून आकडे बारा आहेत. एकही गळलेला नाही, एकही दोनदा आलेला नाही. मात्र तीनचा आकडा डाव्या हाताला आहे आणि नऊचा उजव्या. प्रत्येक आकड्याचे तोंडही फिरलेले आहे. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, असे सांगण्यात आले होते. काटे पाहावेत तर एक वाजायला दहा मिनिटे कमी आहेत. एवढे कोणालाही पडताळून पाहता येईल. पुढचे काही मी स्वतः पाहिले, काही बाईंच्या रोजनिशीतून घेतले आणि काही ऐकीव आहे. जे ऐकीव आहे ते कोणाकडून ऐकले, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

बाई या देशाच्या नव्हेत. कोरीवकामाच्या एका छापखान्यात एक वर्षाच्या करारावर त्या आल्या आणि राहून गेल्या. १९७६ साली आल्या असे त्यांचे जुने सहकारी छातीठोकपणे सांगतात. प्रवेशपत्रावरचा शिक्का १९७७ चा आहे. शिक्का ग्राह्य धरला आहे. तेव्हा बाईंचे वय बत्तीस होते. छापखान्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचे काम त्यांच्याकडे असे. कंपन्यांची पत्रशीर्षके, पदव्यांची प्रमाणपत्रे, औषधांच्या बाटल्यांवरची लेबले, शाळांचे तक्ते. सव्वीस वर्षे त्यांनी हे काम केले. २००३ मध्ये छापखाना बंद पडला, तेव्हा मोडीत निघालेले जुने प्रेस बाईंनी घरी आणले. घर म्हणजे कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. मोठ्या खोलीच्या मधोमध प्रेस उभे आहे. पलंग प्रेसच्या सोयीने लावलेला आहे आणि जेवायचे टेबल पलंगाच्या. पाहुण्याने बसायचे कुठे, या प्रश्नाचा त्या घरात कधी विचार झाल्याचे दिसत नाही.

संध्याकाळच्या वेळी बाई स्वतःची चित्रे कोरत. दाराच्या मुठी, जिन्याचे कठडे, अर्धवट उघडे ड्रॉवर, मोरीची जाळी, खिळ्याला टांगलेली रिकामी पिशवी. एकाही चित्रात माणूस नाही. दोन छोटी प्रदर्शने भरली. नगर संग्रहालयाने अकरा छाप विकत घेतले, आणि २०१८ च्या हिवाळ्यात त्यांच्या सगळ्या कामाची यादी करण्याचे ठरवले. ते काम माझ्याकडे आले आणि मी त्या खोल्यांत जाऊ लागलो.

एकटेपणाबद्दल विचारले की बाई झटकून टाकत. "एकटी कसली? पत्रा असतो की." हे उत्तर ऐकायला छान आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. बाई खिशात मावेल अशी रोजनिशी ठेवतात. त्यात हवा, चालू असलेले काम आणि त्या दिवशी भेटलेली माणसे, यांच्या एकेका ओळीच्या नोंदी असतात. २०११ च्या रोजनिशीत "आज कोणाशी बोलणे नाही" ही नोंद चौऱ्याण्णव दिवशी आहे. पुढच्या वर्षी ती एकतीस दिवशी आढळते. त्याच वर्षी बाईंचा उजवा खांदा निकामी झाला, प्रेसचे चाक फिरवणे त्यांना जमेना, म्हणून छापखान्यातले जुने चाकवाले दर गुरुवारी येऊ लागले. २०१४ मध्ये खालचे दुकान इस्त्रीवाल्या वहिनींनी चालवायला घेतले. त्या वर्षी ती नोंद सहाच वेळा आहे. याला कार्यकारणभाव म्हणावे की योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे. एक खांदा दुखावला आणि त्रेसष्ट दिवस भरून निघाले, असा हिशेब मांडायला मी धजणार नाही. पण आकडे तसे आहेत खरे.

या चाकवाल्यांना बाई 'चक्रधर' म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, बांधा ठेंगणा, मनगटे अजून जाडजूड. दोघांची ओळख चाळीस वर्षांची, तरी एकमेकांना अहो-जाहोच चालते. त्यांच्या छापखान्यात एक रीत होती: नव्या पत्र्याचा पहिला छाप चाक फिरवणाऱ्याचा. मालकही त्याला हात लावत नसे. बाईंनी ही रीत घरीही पाळली. त्यामुळे त्यांच्या कामाचा सर्वांत पूर्ण संग्रह नगर संग्रहालयात नसून चक्रधरांच्या पलंगाखाली आहे. दोनशे चौदा छाप आहेत, असे ते म्हणाले. मी मोजले, दोनशे नऊ भरले. "मग पाच उंदरांनी नेले असतील," ते म्हणाले. "उंदरांनासुद्धा कळतं हो चांगलं काय ते."

प्रकरणाला सुरुवात झाली १९ फेब्रुवारीला, दुपारी तीनच्या सुमारास. पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला की तो फिकट दिसतो आणि त्यावर ओढलेली रेघ उठून दिसत नाही. म्हणून हे काम करणारे लोक पत्रा पालथा धरून खालून मेणबत्त्यांचा जुडगा फिरवतात. काजळी मेणात मुरते, पत्रा काळाकुळकुळीत होतो आणि मग सुईची बारीक रेघही तांब्याच्या रंगात चमकते; पुढे ॲसिड ती रेघ पत्र्यात खोल करते. बाई हे काम पडदे ओढून करत होत्या, कारण वारा आला की ज्योत हलते. वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या भाडेकरूला धुराचा वास आला आणि त्याने अग्निशमन दलाला फोन केला. दोन जवान वर आले. पुढचा संवाद वहिनींनी जिन्यातून ऐकला.

"आजी, काय चाललंय हे?"

"काजळी धरतेय."

"कशासाठी?"

"मग दिसणार कसं?"

जवानांच्या अहवालात हे असे उतरले आहे: "वृद्ध महिला एकटी, पडदे ओढून मेणबत्त्या जाळीत होती. दिसावे म्हणून काजळी धरीत असल्याचे सांगते. बोलण्यात सुसंगती नाही. मोरीखाली ॲसिडच्या बाटल्या." अहवालातला एकही शब्द खोटा नाही, हीच त्यातली अडचण.

अहवाल समाजकल्याण कचेरीत गेला आणि कचेरीने बाईंच्या भाच्याला बोलावले. हा बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तोही याच देशात, रेल्वेने चार तासांवरच्या गावी, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. बहीण २००६ मध्ये गेली. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता त्याचा फोन येतो. "मावशी, जेवलीस का?" "अजून सहाच वाजलेत." "हवा कशी आहे?" "आहे आपली." रोजनिशीत हे फोन 'बोलणे' या सदरात धरलेले आहेत. भाच्याविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पुढे जे घडले त्यात त्याची चूक आहे, खोट नाही. तीन आठवड्यांची रजा काढून तो आला होता आणि प्रेस व पलंग यांच्यामधल्या जागेत चटई टाकून झोपत होता.

तपासणीला तोच घेऊन गेला. बाईंना मांडीवर ठेवायला पत्र्याचे पॅड, त्यावर एक पातळ कागद आणि टोकदार, कडक शिशाची पेन्सिल देण्यात आली. घड्याळ काढा, असे सांगितल्यावर त्यांनी फक्त "केवढं?" असे विचारले आणि मिनिटाच्या आत कागद परत केला. नंतर शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. इथे त्या अडखळल्या. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी अहवालात तीन गोष्टी एकत्र मांडल्या: आगीचा प्रसंग, वजाबाकीतली मंदगती आणि आरशात पाहावे तसे उलटे घड्याळ. मेंदूच्या काही आजारांत माणूस असे उलटे लिहू लागतो. डॉक्टरबाईंची शंका त्यामुळे निराधार नव्हती. पुढील तपासण्या होईपर्यंत रुग्णास एकटे ठेवू नये, अशी शिफारस त्यांनी केली आणि कागद दाखवला तो भाच्याला, बाजूला घेऊन. त्याची एक प्रतही त्याच्या फाइलीत दिली.

बाईंना तो कोणीच दाखवला नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"नापास झाले ना मी?" परतताना त्यांनी विचारले. हे भाच्याने मला नंतर सांगितले.

"अगं, परीक्षा कुठे होती ती?"

"पेन्सिल हातात देऊन जे करायला लावतात ती परीक्षाच असते."

त्याने आपल्या गावच्या वृद्धाश्रमात चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळत होती, उजेड चांगला होता. ८ एप्रिलला दाखल व्हायचे ठरले. प्रेस तिथे चालणार नव्हते. ते सुटे करून न्यायला भंगारवाला ६ तारखेला येणार होता. थोडक्यात, घर, प्रेस आणि गुरुवार, तिन्ही एका आठवड्यात जाणार होते. बाईंनी विरोध केला नाही. मला हेच सर्वांत चमत्कारिक वाटले होते, कारण यादीत एका चित्राचे साल चुकले म्हणून याच बाईंनी मला पाऊण तास फैलावर घेतले होते. त्यांच्या गप्प बसण्याचे कारण रोजनिशीत सापडते. १५ मार्च: "गोष्टी जाताहेत म्हणे. कुठल्या गेल्या ते कळत नाही." १७ मार्च: "सगळे हळू बोलतात. म्हणजे बरेच गेले असणार." १८ मार्च: "इस्त्रीवाल्यांना घोटणी दिली."

घोटणी म्हणजे पत्र्यावरची चुकलेली रेघ घासून गुळगुळीत करण्याचे अवजार. एकेचाळीस वर्षे तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

गुरुवार, २८ मार्च. मी मोठ्या खोलीत पत्र्यांची मोजमापे घेत होतो. बाई आतल्या खोलीत उरलेली अवजारे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. दहा वाजता चक्रधर आले, हातातला पाव टेबलावर ठेवला, कोट काढून प्रेसच्या चाकाला अडकवला आणि बाह्या सारू लागले.

"काका, आजपासून प्रेस बंद," भाचा आवाज खाली आणून म्हणाला.

"का? वंगण संपलं?"

"मावशीची तब्येत बरी नाही."

"मला सांगता? खांदा गेलाय त्यांचा. म्हणून तर येतो मी."

"खांदा नाही हो. डोकं."

"डोकं पहिल्यापासून तसंच आहे."

एवढ्यात चहाचे कप घेऊन वहिनी वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "घ्या! चाळीस वर्षांची मैत्री आणि हे प्रशस्तिपत्रक."

भाच्याला हसू आले नाही. पंधरा-सोळा दिवसांची झोप त्याच्या डोळ्यांवर होती. त्याने पिशवीतून फाइल काढली, तिच्यातून कागद काढला आणि प्रेसच्या सपाट फळीवर चक्रधरांसमोर ठेवला. "तुम्ही तिचे सगळ्यांत जुने स्नेही. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा, हिला एकटं ठेवू का मी?"

चक्रधरांनी खिशातून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, कागद जवळ ओढला.

"अकरा दहा," ते म्हणाले. "बरं, मग?"

"नीट बघा ना, काका."

त्यांनी नीट पाहिले. बोटाने एकेका आकड्यावरून फिरले. "सहाचं पोट जरा सुटलंय. माझ्यासारखं. बाकी चोख आहे."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. एका रुग्णाचे दोन झाले, आता दुसऱ्याला कुठे ठेवायचे, असा काहीसा भाव त्या चेहऱ्यावर होता. वहिनींनी ताटली पलंगावर ठेवली आणि चक्रधरांच्या खांद्यावरून वाकून पाहिले.

"अगंबाई! अहो, हे सगळं उलटंच आहे की!"

"उलटं? कुठे उलटं?"

"तीन कुठे आहे बघा जरा!"

"डावीकडे."

"मग?"

"मग काय मग? पत्र्यावर तीन डावीकडेच असतो, वहिनी. उजवीकडे कोरलात तर छापल्यावर डावीकडे येणार, आणि मालक कानाखाली आवाज काढणार. पहिल्याच महिन्यात शिकवतात हे."

हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्यांत मीही होतो, आणि माझ्या बाबतीत त्याला सबब नाही. पाच महिने मी त्याच बाईंचे पत्रे हाताळत होतो. प्रत्येक पत्र्यावरची उलटी अक्षरे आरसा धरून वाचत होतो. हा कागद भाच्याने मला दोन दिवसांपूर्वी दाखवला होता, आणि मीही तो पाहून फक्त हळू बोलू लागलो होतो.

वहिनींनी कागद उचलला आणि खिडकीच्या काचेवर पालथा धरला. उजेडात पलीकडून घड्याळ सरळ दिसले. अकरा वाजून दहा मिनिटे. सहाचे पोट खरेच थोडे सुटलेले होते.

भाचा पलंगावर बसला. चहाच्या ताटलीवर बसता बसता वाचला. मग त्याने हाक मारली. "मावशी!"

बाई हातात वर्तमानपत्राचा तुकडा घेऊनच बाहेर आल्या.

"हे तूच काढलंयस ना?"

त्यांनी कागद हात लांब करून धरला. "हो. काय झालं त्याला?"

"उलटं आहे गं हे."

बाईंनी पाहिले. बराच वेळ पाहिले. त्या वेळी त्यांच्या तोंडून काय निघाले याविषयी एकमत नाही. वहिनी म्हणतात, "अरे देवा" म्हणाल्या. चक्रधर म्हणतात, काहीच नाही. माझ्या टिपणात त्यांचे पहिले वाक्य असे आहे: "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"एवढ्यासाठी मला न्यायला निघाला होतास? अरे, विचारायचं तरी होतंस!"

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं."

"वाईट तर मला सोळा दिवस वाटतंय, राजा. निदान कशाचं, ते तरी कळलं असतं."

भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चक्रधरांना म्हणाल्या, "तुम्ही काय बघताय? चहा निवतोय."

पण कागद खिडकीवर सरळ दिसला म्हणजे बाईंची प्रकृती ठणठणीत ठरली, असे होत नाही. अंगवळणी पडलेले काम नको तेव्हा हाताने केले, एवढाच अर्थ त्यातून निघू शकत होता; आणि सवय कुठे थांबवायची हे न कळणे हेही एक लक्षण असू शकते. हे मी बोलून दाखवले तेव्हा वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले की मी उरलेले वाक्य चहाबरोबर गिळले. तरीही निर्णय डॉक्टरबाईंनीच द्यायला हवा होता, आणि त्यांच्यापुढे काही सबळ ठेवायला हवे होते. चक्रधर म्हणाले, शाळेतल्या मुलांना वेळ शिकवण्याचा एक तक्ता बाईंनी कोरला होता, त्यात घड्याळे होती. त्याच दुपारी त्यांच्या पलंगाखालून तो निघाला. सन १९८३, बारा घड्याळे. मूळ पत्राही बाईंकडे भिंतीलगतच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, मेणकागदात सापडला. पत्र्यावरच्या बाराही घड्याळांत तीनचा आकडा डाव्या हाताला आहे.

बुधवार, ३ एप्रिल. भाचा तो पत्रा टॉवेलात गुंडाळून, तान्हे मूल घ्यावे तसा दोन्ही हातांवर घेऊन केंद्रात गेला. बाईंच्या परवानगीने मीही खोलीत होतो. डॉक्टरबाईंनी पत्रा पाहिला, छाप पाहिला, पुन्हा पत्रा पाहिला.

"हे मला आधी माहीत हवं होतं," त्या म्हणाल्या. "व्यवसाय या रकान्यात 'निवृत्त' एवढंच लिहिलंय."

"निवृत्त मी कधीच झाले नाही," बाई म्हणाल्या. "ते यानं लिहिलं."

"तरीसुद्धा आनंद होण्याआधी परत बघू या."

त्यांनी मोठा कागद भिंतीला चिकटवला आणि बाईंच्या हाती जाड टोकाचे पेन दिले. बाईंनी उभ्या उभ्या घड्याळ काढले, ते सरळ आले. मग पुन्हा तेच पत्र्याचे पॅड, तोच पातळ कागद, तीच टोकदार पेन्सिल. बाईंनी वर्तुळ काढले, वर बाराचा आकडा लिहिला आणि एकचा लिहायला हात डावीकडे नेला. तिथे थांबल्या. स्वतःच्याच हाताकडे पाहून हसल्या.

"निघाला होता बघा. सरळ हवंय, की छापायचंय?"

"सरळ," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

वजाबाकीच्या वेळी त्यांनी विचारले, मनातल्या मनात कुठल्या भाषेत मोजता? बाई म्हणाल्या, आकडे माझ्या भाषेतच येतात, मग त्यांचं भाषांतर करून तुम्हाला सांगते, म्हणून वेळ लागतो. "मग तुमच्याच भाषेत मोजा. भाचे ऐकतील." बाई सुटल्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. इथे थांबायचे असते. त्या थांबल्या नाहीत. थेट दोनपर्यंत जाऊन पोहोचल्या आणि पुढे वजा करण्याजोगे काही उरले नाही म्हणूनच गप्प झाल्या.

शेवटची चाचणी लक्षात ठेवण्याची होती. सुरुवातीला तीन शब्द सांगितलेले असतात: किल्ली, नदी, घोडा. पंधरा मिनिटांनी ते परत विचारतात.

"किल्ली," बाई म्हणाल्या. "नदी." मग थोडे थांबून, खिडकीबाहेर पाहत, "तिसरा राहू दे माझ्यापाशी."

डॉक्टरबाईंनी दोन गुण दिले. अहवालाच्या शेवटी लिहिले, "वयास साजेसे. स्वतंत्र राहण्यास हरकत नाही." दोन अटी घातल्या: मेणबत्त्या लावताना खिडकी उघडी ठेवावी, आणि ॲसिडचे काम एकटीने करू नये. पहिल्या अटीवर बाईंनी वाद घातला. ज्योत हलते म्हणाल्या. शेवटी खिडकी चार बोटे उघडी ठेवण्यावर तडजोड झाली आणि ती चार बोटे अहवालातही नोंदवली गेली.

केंद्राच्या पायऱ्यांवरच भाच्याने भंगारवाल्याला फोन लावला. "नको, येऊ नका. नाही हो, दुसऱ्या कोणाला नाही विकत. विकतच नाही." फोन ठेवून तो एवढ्या मोठ्याने हसला की आत जाणारे एक आजोबा थबकले आणि उगीचच स्वतःही हसले. मग वृद्धाश्रमाला फोन झाला.

"आता तू घरी जा," बाई त्याला म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. तुझ्या बायकोला वाटेल, तुलाच दाखल करून घेतलं."

वहिनी दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांना काही सांगावे लागले नाही. तिघांच्या चालीवरून त्या समजल्या. दोन तयार सदऱ्यांच्या मधून त्यांनी घोटणी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. "मागायला लाज वाटली असती तुम्हाला, म्हणून आधीच देते. पण खरं सांगू? कॉलरीच्या टोकाला काय सुरेख बसत होती हो!" बाईंनी घोटणी उजेडात धरून तपासली. तिच्यावर ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि प्रेस चालले.

त्यानंतरचे थोडक्यात. ॲसिडच्या अटीमुळे चक्रधर आता सोमवारीही येतात. येताना पाव आणतात, आणि बाईंच्या मते ॲसिडपेक्षा तोच पोटात जास्त जाळतो. भाच्याचा रविवारचा फोन चालू आहे. हवेची चौकशी कमी झाली आहे. आता तो विचारतो, पत्र्यावर सध्या काय आहे, आणि बाई सविस्तर सांगतात. एकदा तो सहज म्हणाला, मला काही यातलं कळत नाही गं, त्यावर उत्तर मिळाले, "विचारतोस ना? मग पुरे." त्या वर्षाच्या उरलेल्या नऊ महिन्यांत "आज कोणाशी बोलणे नाही" ही नोंद दोनदा आली आहे. त्यातल्या एका दिवशी वहिनींचे दुकान बंद होते.

जे ठरवता आलेले नाही, ते असे. १२ मार्चला हात उलटा का गेला, याचे नक्की उत्तर नाही. मांडीवरचा गार पत्रा आणि टोकदार पेन्सिल हे कारण संभवनीय आहे. निव्वळ भीती हेही संभवनीय आहे. भीती वाटली की मी काम करते, असे बाई स्वतः म्हणतात, पण हे त्या नंतर म्हणाल्या आहेत आणि नंतरच्या साक्षीचे वजन कमी असते. दुसरी गोष्ट त्या तिसऱ्या शब्दाची. वहिनींच्या मते बाई तो शब्द विसरल्या आणि वेळ मारून नेली. चक्रधरांच्या मते तो बाईंना पक्का आठवत होता. इतके दिवस सगळ्यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवले, म्हणून त्यांनीही एक गोष्ट लपवून ठेवली. दोघांपैकी कोणाजवळही पुरावा नाही. मी बाईंना तीन वेळा विचारले. पहिल्यांदा त्या हसल्या, दुसऱ्यांदा त्यांनी मला शाईचा रूळ पुसायला दिला, तिसऱ्यांदा विषय बदलला. 'घोडा' हा शब्द त्या दिवशी त्यांना आठवत होता की नव्हता, हे अद्याप कोणालाही माहीत नाही.